जाळी

गुऱ्हाळ पेटलं की आमच्याकडं माश्या येतात.
बावड्याच्या अंगाला चुलाण धडधडतं,
दुपारी वारा वळतो, काकवीचा वास घेऊन,
आणि आण्णाप्पाचा गूळ उतरल्याचं
सगळ्यात आधी आमच्या घोडीला कळतं.
पोटाखालची कातडी थरथरायला लागते.

नाव कापशी. रंग तोच.
पांढऱ्या केसांखाली गुलाबी कातडं,
इतकं पातळ की घोडमाशी चावली
तर सकाळी हाताला आवळ्याएवढी गाठ लागते.
शेजारी सातापाच्या सोळा म्हशी.
त्यांच्या पाठीवर माश्यांचा बाजार भरतो
आणि त्या डोळे मिटून रवंथ करतात.
सातापा म्हणतो, ‘जनावर असं पायजे.
ही काय पैठणी हाय व्हय, घडी घालून ठेवायला?’

तिला शेपूट नाही.
म्हणजे हाड आहे, वर केस नाहीत.
आधीच्या मालकानं कापून विकले,
कुठल्याशा वाद्याच्या गजासाठी, असं अब्बा म्हणतात.
पाऊण वर्षात वीतभर आलेत, झाडणीला पुरत नाहीत.
तर कुठंतरी कुणीतरी मांडी घालून
हिच्या शेपटीनं सूर ओढत असेल,
आणि इथं ही मागं वळून वळून
नसलेल्या केसांनी माशी हाणते.
हाड हलतं. माशी हलत नाही.

मार्गशीर्षात कळंब्याची वरात होती.
डॉल्बी छातीत घुसत होता,
पायाशी सुतळी बाँब फुटले, कापशी जागची हलली नाही.
मग नवरदेवाच्या हारातनं एक माशी उठली
आणि तिच्या कानात गेली.
एकच.
नवरदेव झेंडूच्या कमानीत, फेटा गटारीत.
अब्बांनी हात जोडले, इसार परत केला, वर पाचशे.
कुणीतरी म्हणालं, ‘विकून टाक बाबालाल,
वरातीला जाड कातडीचं लागतं.’
अब्बांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.
मला सासरी धाडताना
कातडी जाड कर, असंच म्हणाले होते ते.
मी चार वर्षांनी परत आले. करता आली नाही.

डॉक्टर मगदूम आले, मलम दिलं, फवारा दिला,
म्हणाले, डोळ्यांजवळ मारू नका,
आणि आधी लीद उचला, दिवसातनं दोनदा,
बाकी सगळं त्याच्या मागनं.
मी तीनदा उचलते.
करंजेल लावलं तर अंगभर फोड आले.
म्हणून आता काहीही आणलं तरी
आधी खांद्यावर एक थेंब, मग उद्याची वाट बघायची.
कडुनिंबाचा धूर केला तर खोकायला लागली.
शेणी दाराबाहेर नेली, वाऱ्याच्या अंगाला,
धूर यावा पण नुसता वासापुरता.
जुना टेबलफॅन खुंटीला बांधला,
वाऱ्यात माशीला पाय टेकता येत नाही म्हणून.
त्या घरघरीला ती दोन दिवस बिचकली,
तिसऱ्या दिवशी तोंड पुढं करून उभी.

राहिले डोळे.
कडेला काळा घोळका, पाणी प्यायला बसलेला.
पेटीतनं लग्नातली जाळीची ओढणी काढली,
टिकल्या उसवल्या, एकशेबारा, डबीत ठेवल्या.
घोडीच्या तोंडाचं माप सुतळीनं घेतलं.
कानांना दोन पिशव्या, गालाला नाडी,
डोळ्यांसमोर चुण्या, म्हणजे कापड पापणीला घासणार नाही.
मशीनवर अब्बा दिवा धरून बसले.
दोघंही बोललो नाही.

बांधली तेव्हा तिनं मान झटकली, एकदा, दोनदा.
मग एक माशी आली, जाळीवर बसली,
इकडनं तिकडं चालत गेली
डोळ्याच्या अगदी समोरनं,
आणि कापशी आतनं तिला बघत राहिली,
कुणी परकं माणूस रस्त्यानं जाताना बघावं तसं.

पहाटे धारा काढून सातापा दारात आला.
किटली हातातच. बराच वेळ उभा.
मला वाटलं, आता पैठणीचं काहीतरी काढणार.
‘ते धाकटं रेडकू,’ म्हणाला,
‘त्येच्या डोळ्यावर लई बसत्यात गं.
उरलीय काय थोडी?’