चौदा अंडी

किलिसच्या उतारावर
नाझमिये गव्हाचं पान उलटं करते,
चष्मा कपाळावर सरकवते.
सात आणि सात. दोन ओळी.
शेत सुनं करणारी ही सूने कीड
अंडी घालते ती बहुधा चौदाच,
जणू शाळेत मोजायला शिकलेली.

हिरवी असती
तर दाण्यांना सोंड लागली असती,
गिरणीवाल्यानं पोतं परत केलं असतं:
कणीक हाताला चिकटते, पाव फुगत नाही.

पण अकरा काळी आहेत.
काळी, म्हणजे आत दुसरंच कुणी वाढतंय,
तिळाहून बारीक गांधीलमाशी,
माणसाला न डसणारी,
जिला या गावात नावही नाही.

दीर सेलामी बांधावर. फवारणीचा ट्रॅक्टर,
इंजिन चालूच.
"अकरा!" ती ओरडते.
"आणि उरलेली तीन?"

ती बदामांकडे बघते.
सावली पडते म्हणून सासरा तोडणार होता ते.
हिवाळाभर त्यांच्याच सालीखाली
निजल्या होत्या या अकरांच्या आया.

"तीन राहू देत.
सगळीच संपली
तर पुढल्या वर्षी यांनी अंडी घालायची कुठं?"

सेलामी इंजिन बंद करत नाही.
नुसता गिअर काढतो.