शिवणीतली माया

डंडीत जानेवारी.
सकाळचे आठ, तरी बाहेर रात्रच.
युनिव्हर्सिटीच्या व्यायामशाळेमागची खोली,
एक पडदा, एक ठसकणारा हीटर
आणि दारावर कागद: मोजे काढून आत या.

अठरा ते पंचवीस वयाची पोरं,
उपाशीपोटी, जांभया देत,
दहा पौंडांच्या कूपनासाठी आलेली.
मी म्हणते, श्वास सोडा.
सगळी पोट आत ओढतात.

आप्पा सांगायचे गिऱ्हाइकाला,
"पोट आत घेऊ नका हो,
विजार शिवून झाली की ते बाहेर येणारच,
आणि बोलणी मला बसणार."
चिपळूणच्या बाजारपेठेत, रसवंतीला लागून दुकान,
गळ्यात पिवळा टेप,
पहिले दोन इंच झिजून कोरे.
ते आकडे कुणाला लागतात, म्हणायचे.

माझ्याही गळ्यात टेप आहे, सेंटिमीटरचा.
बोटाने शेवटची बरगडी शोधायची,
मग कमरेचं हाड,
आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये
अनोळखी माणसाला एक वेढा.

रोरी, रग्बीवाला, एकशे तीन किलो,
यंत्रावर चढला फाशी जाणाऱ्याच्या तोंडाने.
निघाले ते बहुतेक स्नायूच.
जा, खाऊन घे, म्हटलं,
तर खिशातून दोन केळी काढून तो दारातच सुरू.

त्याच्यामागे तौहीद मियाँ.
काडीपैलवान. कॉलरमध्ये मान हरवलेली.
"मला काय मोजताय? वारा सुटला
की मी टे नदीत जाऊन पडतो."

यंत्र तळपायातून वीज सोडतं,
इतकी हलकी की मुंगीही जागी होणार नाही.
पाण्यातून ती धावते,
चरबीत अडखळते,
आणि अडखळण्याचा हिशेब पडद्यावर येतो.

त्याचा आला.
मी यंत्र पुसलं, त्याला पुन्हा उभा केला.
तोच आला.
दंडावर मूठभर मांस नाही,
पण पोटाच्या आत, आतड्यांभोवती, साठवण;
ओसरी रिकामी आणि माळ्यावर पोती.
कंबर सत्त्याऐंशी,
उंचीच्या निम्म्याहून दोन जास्त.
रक्तदाब एकवीस वर्षांच्या पोराला न शोभणारा.

नियम असा की मी अर्थ सांगायचा नाही.
चिठ्ठी द्यायची: शेजारच्या खोलीत रक्त,
साखर, ट्रायग्लिसराइड, बाकीचं डॉक्टर बघतील.
"वाईट आहे का?"
मी शिकवलेलं वाक्य म्हटलं,
हे नुसतं माप आहे.

तो उतरला नाही.
"अब्बांचा पायाचा अंगठा काढला मागच्या वर्षी.
टेकअवेत अजून उभेच असतात बारा बारा तास.
तेही बारीकच आहेत."
थंड पत्र्यावरच्या आपल्या पायांकडे बघत राहिला.
दहा बोटं.
मीही मोजली.

शाळेचे कपडे शिवताना आप्पा
शिवणीत दोन बोटं माया ठेवायचे.
वाढतं अंग आहे, म्हणायचे,
जूनमध्ये आई उसवायची, चड्डी आणखी एक वर्ष चालायची.
माझ्या फॉर्मवर मायेला रकाना नाही.
तारखेच्या चौकटीत सहा महिने छापलेले होते,
मी खोडून तीन केले
आणि बाजूला सही.

दुपारी पडदा ओढून
स्वतःच्याच कमरेला टेप लावला.
पोट आत गेलं. आपोआप.
पुन्हा घेतलं, श्वास सोडून.
एक्क्याऐंशी.
हीटर ठसकला.
हे कुठेच लिहिलं नाही.

संध्याकाळी खुर्चीखाली एक काळा मोजा सापडला,
अंगठ्यापाशी विरलेला.
यादीत नंबर शोधून फोन केला.
मागे तळणाचा आवाज, कुणीतरी ऑर्डर ओरडतंय.
"मोजा राहू द्या," तौहीद म्हणाला,
"रिपोर्ट कधी येतो ते सांगा.
आणि अब्बांना आणलं तर चालेल?
त्यांचं वय बसत नाही, माहीत आहे."