दराचा रकाना

गंजगोलाईच्या मागं माझं सेतूचं दुकान,
दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, तोही रुसका.
महानंदाबाई मोतीपवळे आल्या तेव्हा लाईट गेली होती.
पिशवीतून त्यांनी घडी घातलेलं नारिंगी जाकीट काढलं
अन् म्हणाल्या,
कागद म्हणून हे चालंल का?

बारा वर्षं त्या झाडूवाल्यांची जाकिटं शिवतात.
महापालिकेची;
महापालिकेला मात्र पत्ता नाही.
ठेका नगरच्या एका माणसाचा.
त्याचा टेम्पो कापड टाकून जातो,
जाकिटामागं बावीस रुपये,
चेन बिघडली तर त्यातूनच कापून.
तो बिलाला काय लावतो
हे एकदा टेम्पोवाल्याच्या खिशातून डोकावलं,
त्या दिवशी बाईंनी
एक बाही उलटी जोडली.

"मला नोंदणी करायचीय. माझ्या नावानं."

मी म्हटलं, बसा.
उद्यमची नोंदणी फुकट असते,
कुणी हजार मागितले तर देऊ नका.
हे जरा मोठ्यानं म्हटलं,
शेजारच्या दुकानाला ऐकू जावं म्हणून.

आधारवर महानंदा, पॅनवर महानंद.
एक काना गळाला अन् बाईचा बुवा झाला.
तो काना परत आणायला
तीन आठवडे अन् दोन शपथपत्रं.

मग सही.
आता सही पेनड्राइव्हमध्ये राहते, मी सांगितलं.
त्यांनी ती काडी उलटीपालटी करून पाहिली.
"रात्रशाळेत पाटीवर घटवली होती बाबा,
इतक्यात मावली?"
अन् कमरेच्या किल्ल्यांत अडकवली.

अडलं ते अनुभवाच्या दाखल्यावर.
नगरच्या माणसानं फोन उचलला,
म्हणाला, कोण महानंदा?

तिसऱ्या मजल्यावर भांडार विभाग.
साहेब म्हणाले, बाई, दाखल्याशिवाय काम नाही.
अन् कामाशिवाय दाखला?
तेही नाही.
खाली सकाळची पाळी सुटली होती,
बायका खराटे खांद्यावर टाकून निघालेल्या.
महानंदाबाई खिडकीशी गेल्या.
"ती पुढची बगा.
काखेत कळी घातलीय मी.
झाडताना हात वर जातो, शिवण उसवते.
तुमच्या नमुन्यात कळी नाही."

साहेबांनी पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
म्हणाले, हे कागदावर आणता येत नाही.

खरं आहे. येत नाही.

जिन्यात एक लिपिक मुलगी मागून आली,
तिचं नाव मी सांगणार नाही.
"सूक्ष्म उद्योगाला सूट मागता येते.
वेगळा अर्ज द्या.
आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका."
ती हे कुजबुजत का होती कळेना;
तोच नियम भिंतीवर फ्रेममध्ये होता,
फक्त फ्रेमपुढं कपाट होतं.

दिवाळी गेली, वेळ अमावस्या गेली.
एका दुपारी मेसेज आला,
मी दुकानाला कुलूप घालून स्वतः सांगायला गेलो.
बाई मशीनवर होत्या.
शिवण संपेपर्यंत त्यांनी पाय थांबवला नाही.

काल निविदा भरली.
जाकिटं, नग अठराशे.
सगळं मी टाइप केलं, एक रकाना उरला,
दर, अंकी व अक्षरी.
"मावशी, किती टाकू?"

त्या माझ्याकडं नुसत्या पाहत राहिल्या.
इतक्या वर्षांत त्यांना दर सांगितला होता,
विचारला नव्हता कुणी.

मग बोटांवर सुरू झाल्या.
कापड, दोरा, चेन, चकाकणारी पट्टी,
हाताखालच्या शाहीनचा अन् पारूचा रोज,
लाईटबिल.
अन् थांबल्या.
"कळी धरायची का?"

मी म्हटलं, नमुन्यात नाही.
सोडली तर दर खाली येईल,
काम मिळायची आशा वाढेल.

साडेपाचला मुदत संपणार होती.
पाच वाजून दहा झालेले.
रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता.

"धर," त्या म्हणाल्या.
"अन् अक्षरी लिहितांना
काना तेवढा नीट बघ."