परिच्छेद एक्केचाळीस

शहाण्याने चढू नये म्हणतात त्या पायरीवर
मी अकरा वर्षं नुसता बसलो.
आत गेलेल्यांचं काय झालं
ते दर शुक्रवारी लिहून काढलं
सेंट जॉन्समधल्या एका चारपानी साप्ताहिकात,
मासळीच्या भावांखाली, निधनवार्तांच्या वर.

न्यायमूर्ती टिझर्ड माझे आवडते.
म्हणजे, त्यांना धारेवर धरायला आवडायचं.
वाक्यं लांबलचक, दया आखूड,
आणि मधेच एखादी लॅटिन म्हण,
पाहुण्यांपुढे काढलेल्या चांदीच्या चमच्यासारखी.

तर त्या मार्चमध्ये फिलोमिना कीफ हरली.
खडकात खांब रोवून उभारलेला लाकडी धक्का,
मासे चिरायची फळी, मिठाचं पिंप,
सासऱ्याच्या बापापासून चालत आलेलं.
जमीन सरकारची. कागद कुणाकडेच नाही.
टिझर्डनी लिहिलं, परिच्छेद एक्केचाळीस:
'ताबा होता, पण तो सलग होता असे म्हणवत नाही.'

मी त्या 'म्हणवत नाही'वर तुटून पडलो.
दीड हजार शब्द.
लिहिलं, कॉड मासा सलग येत नाही,
बर्फ धक्क्यावर सलग उभं राहू देत नाही,
नवरा सलग जिवंत राहत नाही,
मग ताबाच तेवढा सलग
कुठून आणायचा होता बाईनं?
न्हाव्यानं त्या आठवड्यात पैसे घेतले नाहीत.
एक वकील कानाशी म्हणाला, जपून, बेअदबी होईल.
मला ते कौतुकच वाटलं.

ऑक्टोबरात टिझर्ड निवृत्त झाले.
नोव्हेंबरात मासळीच्या दुकानात, रांगेत, माझ्याच पुढे.
झगा नाही. विजारीला कुत्र्याचे केस.
वळून म्हणाले,
"तळटीप वाचली नाहीत तुम्ही. सातवी."
आणि हॅडकची पुडी बगलेत धरून निघून गेले.

घरी येऊन वाचली.
मुंगीएवढ्या टायपात:
'माझे हात पूर्वीच्या निर्णयांनी बांधलेले आहेत.
ही गाठ वरच्या न्यायालयाने तपासून पाहावी.'
दार किलकिलं ठेवून गेला होता माणूस.
अपिलाची मुदत तीस दिवस.
माझं शौर्य छापून आलं बाविसाव्या दिवशी
आणि त्यात दाराचा उल्लेखच नव्हता.

हिशेब करायची गरज नव्हती.
तरी बोटांवर केला.
आठ.

रविवारी गाडी काढली. उपसागराच्या टोकापर्यंत
धुक्यात फक्त रस्त्याची पांढरी रेघ सोबतीला.
फिलोमिनाच्या फ्रिजवर माझा लेख,
खेकड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
मी तळटीप सांगितली. आठ दिवस सांगितले.
ती चहात डब्यातलं दूध ओतत राहिली,
चहा पांढरा होऊन गेला तरी.
मग म्हणाली, "तो आला होता."
कोण?
"जज. निकालाआधी. अशाच एका रविवारी, एकटा.
मी खिडकीतून पाहिलं.
बुटांत पाणी शिरेपर्यंत उभा होता तिथं.
खांब हलवून पाहिले. एकेक."

न्यायाधीशानं असं जायचं नसतं.
दोन्ही पक्षांना न कळवता, गुपचूप, जागेवर.
मला नियम पाठ आहे, कलमासकट.
अकरा वर्षांत हाती न लागलेली बातमी
चहाच्या कपाशेजारी ठेवली होती तिनं,
बिस्किटं ठेवावीत तशी.

"तुम्ही नाही आलात कधी," ती म्हणाली.
तक्रार नव्हती. माहिती होती.

खिडकीबाहेर भरती.
सरकारनं धक्का पाडला त्याला दोन महिने झाले,
चार खांब तेवढे पाण्याबाहेर,
त्यांतला एक वाकडा.

शुक्रवारी मी दोन ओळी पाठवल्या.
'मार्चमधल्या लेखात निकालपत्राची सातवी तळटीप
अनवधानाने राहून गेली. खेद आहे.'
रविवारबद्दल काही लिहिलं नाही.
संपादकानं विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.
त्यानं त्या ओळी शेवटच्या पानाच्या तळाशी लावल्या,
त्याच्याकडे होता त्या
सगळ्यात बारीक टायपात.