होल

तालमीच्या माडीवर रविवारी वर्ग भरतो.
खाली लाल मातीत कुणी शड्डू ठोकतं,
वर मी फळ्यावर शब्द लिहिते,
एकाच घरातले वाटावेत असे:
कंप्लीट, फुल, टोटल, होल.
खडू चिमटीएवढा उरलाय.

समोर सहा जण. उद्यमनगरातले चार,
एक पोरगा पासपोर्टचं मनावर घेतलेला,
आणि भिंतीकडेला आक्काताई मगदूम,
शिरोलीला फौंड्रीत, कोअर शॉपला, बावीस वर्षं.
नखांच्या कडेची काळी वाळू साबणाला दाद देत नाही.

फुल म्हणजे भरलेलं, मी सांगते.
"राधानगरीची एस्टी," पोरगा म्हणतो.
कंप्लीट म्हणजे ज्यात काही राहिलं नाही.
"आणि फिनिश?"
"ते येगळं," आक्काताई मला शिकवते,
"जॉब आधी कंप्लीट हुतोय. फिनिशिंग नंतर, ग्राइंडरवर."
हे पुस्तकात नव्हतं. मी समासात लिहून घेते.

आपल्याकडे तरी कुठं एक शब्द आहे?
भाकरी अख्खी, महिना भरला, तेल सरलं.
सबंध दिवस म्हटलं तर नुसतं माप,
अख्खा दिवस म्हटलं की पाठ दुखायला लागते.
आणि लग्न झालं असं मुलीची आई म्हणते,
उरकलं असं बाप.

मग होल.
आक्काताई पदर तोंडाला लावून हसते.
"बाई, होल म्हंजे भोक.
ब्लोहोल निघाला की कास्टिंग भंगारात."
हा वेगळा, मी म्हणते. ह्याच्यात पुढं डब्ल्यू असतो,
पण तो गप्प बसतो.
"मग बोलताना कळायचं कसं
कुठलं अख्खं आन् कुठलं फुटकं?"
खाली कुणीतरी चितपट झालं. ओरडा झाला.
मी त्या ओरड्याआड थोडा वेळ काढला.

तीच मग सांगत बसली:
"मी वाळूचा कोअर करतो. साच्यात ठेवायचा,
लोखंड भवतीनं वतत्यात.
गार झालं की माझा कोअर फोडून झाडून टाकायचा.
तिथं पोकळी ऱ्हाती. ती नसली तर पंप कसला,
नुसता धोंडा. पाणी कुठनं जाणार?
बावीस वर्षं मी भोकंच करतोय, बाई,
आन् माल अख्खा जातोय."

वर्ग सुटला. ती मागं राहिली.
पिशवीत पिशवी, तिच्यात प्लास्टिक, त्यात एक कागद.
नवऱ्याचा. सुकुमार मगदूम, भट्टीवर.
कारखान्याला कुलूप लागलं त्या सालचा,
माणूस पुढच्या वर्षी गेला.
वरच्या ओळीत ठळक: फुल अँड फायनल.
खाली रक्कम. त्याखाली सही,
म चा काना कागदाबाहेर जाता जाता राहिलेला.

"ह्यातलं फुल म्हंजे भरल्यालंच न्हवं?
तुमी आत्ता सांगिटलासा."

मी रक्कम पुन्हा वाचली. वाढली नाही.
नाही, आक्काताई. हे भरलेलं नव्हे.
हे पुरं पण नव्हे. पुरे.
पंगतीत आपण ताटावर हात आडवा धरतो, तसं.
फक्त इथं हात
वाढणाऱ्यानं धरलाय.

ती काही बोलली नाही.
कागद जुन्या घड्यांवरनंच मिटला,
एक कोपरा सुटत होता, तो दाबला.
"व्हय," म्हणाली. "वाटलंच हुतं.
पर वाचून घेटल्यालं बरं."

जिन्यात थांबून विचारलं, पुढच्या रविवारी काय?
फिनिश राहिलंय, मी म्हटलं.
"त्ये मला येतंय."
चपला पायात सरकवत गेली.

फळ्यावर होल होतं.
ओलं फडकं हातात घेऊन मी उभी राहिले,
आणि त्याच्यापुढं, मराठी अक्षराच्या पुढं,
उरलेल्या खडूनं तो गप्प बसणारा डब्ल्यू काढला.
निम्मा उमटला. खडू संपला.