मेल्याची पापणी

रक्ताची कृती अशी:
मक्याचा पाक दोन लिटर, खायचा लाल रंग,
चमचाभर कोको (नाहीतर सरबत वाटतं),
आणि निळ्या रंगाचा एकच थेंब.
तो थेंब माझ्या भावाचा शोध.
आर्वो म्हणायचा, खरं रक्त जरा उदास असतं.

सत्त्याऐंशी साल. लोखंडाची खाण बंद होऊन तीन वर्षं.
ड्वेन कोस्किला रस्त्यावरचा बर्फ उपसायचा,
त्याची शेड जळली, विम्याचे नऊशे डॉलर आले
आणि त्याने शेड बांधली नाही.
वेल्डरचा मुखवटा, खाणीतला दिवा, एक कुऱ्हाड.
झाला खुनी तयार.

मी त्यात चौथी मेले.
उणे अठरा तापमानात पाक गोठला,
गळा चिरला तरी थेंब गळेना.
ड्वेन किंचाळला, "आइली, मरू नकोस अजून!"
आणि माझ्या गळ्यावर हेअर ड्रायर धरून
अख्खं युनिट माझ्या मरणाची वाट बघत उभं.
आतडी म्हणजे लिंडग्रेनकडचे सॉसेज, उधारीवर.
शूटिंग संपल्यावर भाजून खाल्ले.
गोड लागले जरा.

शिकागोचा जावई विचारतो,
असल्या घाणीत तुम्हाला काय मिळतं?
शहाणा मुलगा आहे. रक्तदाब तपासायचं यंत्र भेट देतो.
त्याला काय सांगू?
आमच्या वडिलांना खाणीतून वर आणलं
ते खिळे ठोकलेल्या पेटीत.
उघडू नका म्हणाले. आईने नुसता लाकडावर हात फिरवला.
त्या बाईने पुढे आमच्या सिनेमात
स्वतःचं मुंडकं स्वतःच्या काखेत धरून
पोलिसाला रस्ता विचारलाय,
आणि बघताना हसून हसून तिची कवळी पडलीय.
इथे काही लपवलेलं नाही, बाबा.
मायक्रोफोनसुद्धा दिसतो.

तर आर्वो.
त्याच्यासाठी दोन तास खड्डा खणला, कुदळीने, गोठलेल्या जमिनीत.
गळ्यापर्यंत पुरला. वर पांढरा बर्फ, मध्ये त्याचं डोकं,
भोवती पाकाचं थारोळं.
खुनी कुऱ्हाड पुसतो, निघून जातो.
कॅमेरा तुटलेल्या मुंडक्यावर. शांतता.
आणि वरून, कुणी न बोलावता, एक हिमकण
डुलत डुलत येतो
नेमका त्याच्या पापणीवर.

पापणी लवली.

"मेल्या, हललास!" ड्वेन ओरडला.
पण कॅसेट संपत आली होती, पैसे संपले होते,
आर्वोला पायांची बोटं जाणवेनाशी झाली होती.
तसंच ठेवलं.

गेल्या साली तो मार्केटच्या इस्पितळात गेला.
नळ्या, पांढरी चादर, हिरवी रेघ.
रक्ताचा एक थेंब कुठे नाही.
नर्सने डोळे मिटवले, हलक्या हाताने, सवयीने.
मी खुर्चीत बसून राहिले.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली, तुम्हाला कॉफी आणू का?
मी म्हटलं, थांबा जरा.
कशासाठी, ते तिने विचारलं नाही.

मार्चमध्ये, हिवाळा अगदी नकोसा होतो तेव्हा,
माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तो सिनेमा लागतो.
पास्टर येत नाहीत. मागच्या रांगेत बसतात.
यंदा मी जाणार नव्हते. गेले.
पहिल्या खुनाला टाळ्या. मी मेले तेव्हा शिट्ट्या.
मायक्रोफोन दिसला, पोरांनी त्याला नमस्कार घातला.
मग बर्फ. मुंडकं.
आणि दीडशे माणसं गप्प.
पॉपकॉर्न चावणंही थांबलं.
कुऱ्हाडीला कुणी श्वास रोखला नव्हता,
आता रोखला.
तो हिमकण यायला किती वेळ लावतो!
सदतीस वर्षं झाली, अजून घाई नाही त्याला.

आला.

"मेल्या, हललास!"
अख्खा हॉल उभा राहून,
पास्टर, पोरं, बर्फाच्या बुटातला म्हातारा ड्वेन,
आणि मी, त्याची बहीण,
सगळ्यांत मोठ्यांदा.