खिळ्याला चावी

शिरोड्याच्या नाक्यावर, मिठागराच्या वळणाआधी माझं गॅरेज.
कॉम्प्रेसर जरा सरकवला तर
शटरच्या आत एक टेम्पो मावतो.
बाकीच्या गाड्या बाहेर, काजूखाली.
भिंतीवर माझ्याच हातची पाटी, लाल ऑइलपेंटात:
गाडी मालकाच्या जबाबदारीवर ठेवावी.
ओळीत जागा पुरली नाही,
म्हणून जबाबदारीतली 'री' खाली उतरली आहे.

शालन केळुसकरणीचा तीनचाकी
मंगळवारी दुपारी आला, दोरीने ओढत,
मागच्या फळीतून बर्फाचं पाणी गाळत.
क्लचप्लेट जळली होती.
मी पावती फाडली: टेम्पो मिळाला. पास्कोल आल्मेडा.
तिने चार घड्या घातल्या आणि ती
कमरेच्या पिशवीत ठेवली, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी.
वाचता येत नाही तिला. माझी सही ओळखते.

बुधवारी रात्री काम संपलं.
गुरुवारी पहाटे काजूखाली ऑइलचा डाग
आणि मातीत तीन चाकांच्या तीन रेघा,
डांबरापर्यंत.
तिथून गोव्याची हद्द अर्धा तासही नाही.
गाडी बंद असती तर चोराने
हात लावून सोडून दिली असती.
ती नीट चालत होती. मीच चालवून बघितली होती.

हवालदार तुळसकरांनी विचारलं, ताबा कोणाचा?
विम्याचा माणूस कुडाळहून आला,
हेल्मेट न काढताच म्हणाला, चावी कुठे होती?
खिळ्याला, म्हटलं.
आमच्याकडे सगळ्या चाव्या खिळ्यालाच असतात,
प्रत्येकीला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्यावर नाव.
त्याने ते लिहून घेतलं.
महिन्याने कागद आला:
मालकाने वाजवी काळजी घेतली नाही.
मालकाने?
ती तर मोचेमाडला आपल्या घरी झोपली होती,
पावती उशाशी घेऊन.

मग मी वेंगुर्ल्याला प्रभूवकीलबाईंकडे गेलो.
त्यांच्या अंगणात सुरंगीच्या कळ्या वाळत होत्या.
पाटीचं सांगितलं, तसं त्या म्हणाल्या,
पाटी रंगवून जबाबदारी उतरत नाही, पास्कोल.
दुसऱ्याची वस्तू हातात घेतली की
शहाणा माणूस स्वतःची जपतो तेवढी ती जपायची.
त्याहून जास्त कायदा मागत नाही.
मग चष्मा पुसत, खाली बघतच:
त्या रात्री तुझी स्वतःची गाडी कुठे होती?

माझी स्कूटर आत होती.
शटरला दोन कुलपं.
खाऱ्या वाऱ्याने गंजते म्हणून वर जुनी चादर.

हे मी हवालदाराला सांगितलं नव्हतं,
त्याने विचारलं नव्हतं.
फिलोमिनाला नाही. रविवारी कुमसारालाही नाही.
वकीलबाईंना तरी कुठे सांगितलं?
सुरंगीकडे बघत राहिलो.
त्यांनी फीचं नाव काढलं नाही,
तेव्हाच कळलं, त्यांना समजलं.

आता शालनबाय पहिल्या एसटीने येते.
पाटीतून पाणी गळतं म्हणून कंडक्टर
तिला शेवटच्या सीटवर बसवतो.
परवा गॅरेजपुढे टोपली उतरवून उभी राहिली.
"पास्कू, क्लचाचे किती झाले?"
"गाडीच नाय, शालनबाय, पैसे कसले?"
"गाडी गेली ती येगळी. काम तू केलंस मां?"
ओली पाचशेची नोट बॅटरीखाली सरकवली
आणि चुंबळ सारखी करत गेली.
केस ती करणार आहे. भाचा कागद जमवतोय.
दोन्ही गोष्टी तिला एकाच तोंडाने चालतात.

नोट अजून तिथेच आहे, वाळून कडक झालेली.
मी तिच्यावरून बॅटरी उचलत नाही.
आत स्कूटर ठेवतो अजून. सवय आहे. कधी
मध्यरात्री उठून तिला बाहेर काजूखाली नेतो,
थोडा वेळ बघतो, परत आत आणतो.

आणि रेडीच्या बाजूने तीनचाकी आला की कान देतो.
त्या बुधवारी क्लच झाल्यावर, कोणी सांगितलं नसताना,
मी तिचा हॉर्नही नीट केला होता.
बसलेला आवाज मोकळा केला, वायर नवी घातली.
लांबूनही ओळखेन.
तो मी बिलात धरला नव्हता.